युरेल पास: रिटायर गार्ड बापाला घेऊन २२ दिवस युरोप

आमच्या घरात पास हा शब्द फार जुना. नाना भुसावळला मालगाडीवर गार्ड होते (आता त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, नानांना ते अजून पचलेलं नाही), त्यामुळे पास म्हणजे रेल्वेने दिलेला, फुकटचा, वर आई-बाप-पोरं सगळ्यांची नावं, आणि वर्षातून एकदा रामेश्वर नाहीतर जम्मू. तर मी जेव्हा म्हटलं की नाना, मे महिन्यात युरोपला जाऊ, तिथे पण पास असतो, सगळ्या देशांच्या गाड्यांना एकच पास, तेव्हा माणूस एकदम खुश. मग किंमत सांगितली. माणशी चाळीस हजाराच्या आसपास. "पासले पैसे? मंग तो पास कायचा?"

तर हा त्या पासचा रिव्ह्यू. युरेल ग्लोबल पास, सेकंड क्लास, दोन महिन्यांत कुठलेही १० दिवस. मी, नाना आणि आई. मी जळगावला शाळेत शिकवते म्हणून मे महिनाच जमतो, आणि तसंही मे मध्ये जळगावात पंचेचाळीस डिग्रीत बसण्यापेक्षा कुठेही गेलेलं बरं.

आधी हे सांगते की टूर कंपनीने का नाही गेलो. गेलो असतो खरं तर. जळगावात एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे दोन चकरा पण मारल्या. बसची टूर नको, ट्रेनने फिरायचंय म्हटलं तर त्याने एक लांबलचक कोटेशन दिलं, त्यात प्रत्येक गाडीचं सीट रिझर्वेशन वेगळं लावलेलं, म्हणे कंपल्सरी आहे मॅडम, नाहीतर गाडीत चढू देत नाहीत. नानांनी तो कागद घरी आणून चष्मा लावून वाचला आणि विचारलं की जर्मनीतली गाडी दर तासाला आहे तर रिझर्वेशन कंपल्सरी कसं काय राहील भो. बरोबर होतं त्यांचं. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना रिझर्वेशन लागतच नाही, पास दाखवा आणि रिकामी सीट बघून बसा. त्या दिवशी ट्रॅव्हल्सवाला कट झाला आणि नानांनी दोनशे पानी वही आणली.

पास आहे काय ते थोडक्यात. युरेल १९५९ पासून आहे, युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. युरोपात राहणाऱ्यांचा वेगळा, त्याला इंटररेल म्हणतात. आता एका पासवर ३३ देश चालतात. दोन प्रकार आहेत, एक सलग, म्हणजे १५ दिवस, २२ दिवस, एक महिना असा, त्यात रोज कितीही गाड्या. दुसरा फ्लेक्सी, म्हणजे ठराविक मुदतीत मोजून ४-५-७-१०-१५ प्रवासाचे दिवस, तुम्ही कुठले वापरायचे ते तुम्ही ठरवा. एक दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा, त्यात कितीही गाड्या बदला. साठीच्या वरच्यांना १० टक्के सूट आहे, ती नाना-आईला मिळाली. २७ वर्षांपर्यंतच्या पोरांना २५ टक्के आहे, आणि बारा वर्षाखालचं पोर मोठ्या माणसासोबत फुकट, तेवढं एक आपल्या पाससारखं. किंमत बदलत राहते, मधूनमधून सेल लागतो, घाई करू नका.

आम्हाला सगळ्यांनी सांगितलं २२ दिवस जाताय तर २२ दिवसांचा सलग पास घ्या, झंझट नको. नानांनी वहीत मांडलं की रोज थोडीच गाडीत बसायचंय, व्हिएन्नात चार दिवस राहणार तर चार दिवस पास खिशात नुसता झोपणार. फिरून आल्यावर सांगते, आईबाप सोबत असतील तर फ्लेक्सीच घ्या. सलग पास घेतला की आपण पैसे वसूल करायला म्हणून रोज गाडीत बसतो आणि मग म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बोलायला लागतात.

प्लॅनिंगमध्ये जे सगळ्यात उशिरा कळलं ते हे की गाड्या ठरवायच्या नसतात, रात्री ठरवायच्या असतात. कुठे किती मुक्काम एवढं पक्कं करा, गाड्यांचं नंतर बघता येतं, दर तासाला एक असते. आमच्या रात्री अशा होत्या, कोलोनला ३, म्युनिकला ३, व्हिएन्ना ४, व्हेनिस २, मिलान १, तिरानो १, इंटरलाकेन ५, झ्युरिक १. विमान मुंबईहून फ्रँकफर्टला उतरणारं आणि परत झ्युरिकहून निघणारं, म्हणजे उलटं फ्रँकफर्टला जायला नको, ह्याने आख्खा एक दिवस वाचतो. आणि ह्या रात्रींवरच व्हिसा अवलंबून आहे बरं का. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या ह्या सगळ्या देशांना चालणारा) एकच असला तरी अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे जास्त मुक्काम, आणि मुक्काम सारखाच भरला तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे. आमच्या जर्मनीच्या आणि स्वित्झर्लंडच्या सहा-सहा रात्री सारख्या भरल्या, पण विमान आधी फ्रँकफर्टला म्हणून अर्ज जर्मनीकडे केला. फी ९० युरो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो, बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही भुसावळहून रात्रीच्या गाडीने मुंबई, सकाळी ठसे, संध्याकाळी परत गाडीत. हॉटेलं सगळी फुकट कॅन्सल होणारी बुक केली. पास मात्र व्हिसा हातात पडल्यावरच घेतला. तो मोबाईलवर येतो, घेतल्यापासून ११ महिन्यांच्या आत चालू केला तरी चालतं, त्यामुळे आधी घेऊन ठेवण्यात काही नुकसान नाही पण फायदा पण नाही.

रेल प्लॅनर म्हणून त्यांचं ॲप आहे, पास त्यातच राहतो. ॲप चांगलं आहे पण त्याची एक सवय लावून घ्यावी लागते. गाडीत चढायच्या आधी ती गाडी ॲपमध्ये टाकायची आणि पासला जोडायची, मग क्यूआर कोड येतो, टीसी तो स्कॅन करतो. न जोडता बसलात तर तुम्ही विनातिकीट. टाइमटेबल नेटशिवाय पण दिसतं, पण पास चालू राहायला तीन दिवसातून एकदा तरी फोन नेटला लागला पाहिजे. आणि मी काय शहाणपणा केला तर तिघांचे पास माझ्या एकाच फोनमध्ये ठेवले. म्युनिक-व्हिएन्ना गाडीत फोन ६ टक्क्यांवर आलेला, नाना खिडकीतून व्हिडिओ काढून राहिलेले त्यावर, आणि समोरून टीसी. कोड दाखवून होईपर्यंत ४ टक्के. टीसी बाई गोड होत्या, हसल्या, पुढे गेल्या, पण माझ्या पोटात जो गोळा आला तो संध्याकाळपर्यंत होता. प्रत्येकाच्या फोनमध्ये प्रत्येकाचा पास ठेवा आणि पॉवर बँक ठेवा, दोन्ही.

आता प्रवास. फ्रँकफर्टहून कोलोनला जायला दोन लायनी आहेत. नवी २००२ ची, बोगद्याबोगद्यातून तासाभरात पोचवते. जुनी ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने जाते, अडीच तास घेते, पण प्रत्येक वळणावर टेकडीवर एक किल्ला आणि खाली द्राक्षाचे उतरते मळे. पासवर दोन्ही चालतात, वर एक पैसा नाही. नानांनी अर्थातच जुनी घेतली. समोरच्या काठावरून मालगाड्यांमागून मालगाड्या चाललेल्या, नाना डबे मोजताहेत आणि शेवटच्या डब्यात गार्ड नाही म्हणून हळहळताहेत. आई म्हणे ह्यांना भुसावळच्या यार्डात बसवलं असतं तरी हेच केलं असतं, एवढा खर्च कायले केला.

कोलोनला स्टेशनच्या दारातच ते १५७ मीटरचं चर्च. दारातच म्हणजे खरोखर दारात, बॅगा घेऊन बाहेर पडलो आणि मान वर करून तिथेच उभे राहिलो. शेजारच्या रेल्वे पुलाच्या जाळीला प्रेमीयुगुलांनी लावलेली हजारो कुलपं आहेत. आईला वाटलं नवसाची.

पासचा खरा उपयोग कोलोन-म्युनिकला कळला. मधे एका जंक्शनला गाडी बदलायची होती आणि आमची पहिली गाडीच पन्नास मिनिटं लेट. (हो, तिथे पण लेट होतात. नानांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान होतं ना.) पुढची गाडी गेली. आमच्या डब्यातलं एक जोडपं स्वस्तातलं तिकीट घेऊन आलेलं, ते तिकीट त्या एकाच गाडीचं, ते बिचारे खिडकीवर जाऊन शिक्का-बिक्का आणायला पळाले. आम्ही ॲपमध्ये पुढची गाडी टाकली, जुनी काढली, आणि फलाटावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. संपला विषय.

पण पास सगळीकडे सारखा कामाचा नाही, आणि हे त्यांच्या जाहिरातीत ठळक दिसत नाही. फ्रान्सच्या टीजीव्हीला (तिथली फास्ट गाडी), इटलीच्या फास्ट गाड्यांना, स्पेनच्या लांबच्या गाड्यांना पास असला तरी सीटचे पैसे वेगळे भरावे लागतात, साधारण दहा ते वीस युरो माणशी, आणि लंडन-पॅरिसच्या युरोस्टारला तीस-पस्तीस. शिवाय फ्रान्समध्ये पासवाल्यांच्या सीटा मोजक्याच, उशीर केला की संपल्या. म्हणून आम्ही फ्रान्स नकाशावरूनच पुसला. आईचं आयफेल टॉवर राहिलं, ते मला अजून ऐकावं लागतंय. पॅरिसला तर मोठी सहा स्टेशनं आहेत, एका स्टेशनवर उतरा, मेट्रोने सामान ओढत दुसऱ्यावर जा, म्हणजे सीएसएमटीला उतरून मुंबई सेंट्रल गाठायचं, तेही परक्या भाषेत.

इटलीत व्हेनिस ते मिलान फास्ट गाडीचे सीटचे पैसे वाचवायला आम्ही साध्या गाडीने गेलो, व्हेरोनाला बदलून. गाडी आपल्या पॅसेंजरसारखी प्रत्येक ठिकाणी थांबते, गर्दी पण तशीच, एसी नावाला. खरं सांगायचं तर तो दिवस पासमधला वाया गेला, साधं तिकीट काढलं असतं तर स्वस्त पडलं असतं. हे लक्षात ठेवा, छोट्या अंतराला पासचा दिवस जाळू नका. म्युनिकहून साल्झबुर्ग एका दिवसात जाऊन आलो ते बायर्न-तिकिटावर (बायर्न म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे ते, त्याचं दिवसाचं तिकीट), ते एकाच तिकिटावर पाच जणांपर्यंत चालतं, साध्या गाड्यांना, आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर. पासचा दिवस तसाच शिल्लक राहिला. हे बायर्न-तिकीट नानांनी शोधलं, मी नाही.

व्हिएन्ना ते व्हेनिस दिवसाची गाडी घ्या, रात्रीची नको. आम्हाला साडेसात-आठ तास लागले पण वाटेत सेमरिंगचा घाट आहे, १८५४ चा. म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे सुरू होऊन एक वर्ष झालेलं, आणि ह्यांनी आल्प्समधून मोठी लाईन काढली, दगडी पूल, पुलावर पूल. नाना म्हणे आपला कसाऱ्याचा घाट १८६५ ला सुरू झाला, म्हणजे दहा-अकरा वर्षांचं अंतर, तेवढं काही नाही. ह्या गाडीला आम्ही सीट बुक केली होती, थोडे युरो गेले, पण आठ तास उभं राहायची रिस्क म्हाताऱ्यांसोबत नको.

आणि मग तिरानो. इथेच आमचा पास वसूल झाला.

तिरानो इटलीतलं छोटं गाव, मिलानहून अडीच तास, अर्धा रस्ता कोमो सरोवराच्या काठाने. तिथून स्वित्झर्लंडची लाल गाडी डोंगर चढते. सगळे लोक बर्निना एक्सप्रेसच्या मागे असतात, ती काचेच्या छतावाली, तिला रिझर्वेशन कंपल्सरी आणि महाग. पण त्याच रुळांवरून साधी लाल गाडी पण जाते, पासवर पूर्ण फुकट, रिझर्वेशन नाही, जुन्या डब्यांच्या खिडक्या उघडतात पण. एक्सप्रेसच्या काचा उघडत नाहीत, फोटोत आपलंच तोंड दिसतं. साधीच घ्या.

गाडी तिरानोत चक्क रस्त्यावरून जाते, चर्चसमोरच्या चौकातून, मोटारी थांबून राहतात. नानांनी खाली वाकून रूळ बघितले आणि ओरडले, "मीटरगेज!" पुढे ब्रुसिओला गाडी गोल फिरते, दगडी कमानींवरून वर चढते आणि मग स्वतःच्याच पुलाखालून... नाही, चढताना आधी कमानीखालून जाते आणि मग गोल फिरून त्याच कमानीवरून, आम्ही सगळे एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत. सगळी गाडी मोबाईल बाहेर काढून उभी, आणि नाना मात्र शांत बसलेले. म्हणे धुळघाटला हेच आहे. अकोला-खंडवा मीटरगेजवर, मेळघाटात, गाडी गोल फिरून स्वतःच्या रुळावरून जायची. ती लाईन आता ब्रॉडगेजच्या नावाखाली बंद. ह्यांनी ही जपली, २००८ ला युनेस्कोच्या यादीत घातली, आणि दर तासाला गाडी चालवतात. पुढे दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं बँकर कुठे लागला. म्हणजे घाटात मागून ढकलायला लावतात ते इंजिन. कसाऱ्याला १ इन ३७ चा चढ आहे (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर), तिथे बँकर लावतात. इथे ७० पर हजार, म्हणजे जवळजवळ १ इन १४, दातेरी रूळ पण नाही, नुसती चाकं आणि वीज, आणि गाडी तिरानोच्या साधारण साडेचारशे मीटरवरून २२५३ मीटरवर जाते. नाना हे वहीत लिहून राहिलेले, आणि समोर बसलेल्या एका स्विस आजोबांनी वहीतली चित्रं बघून खुणेने विचारलं. तेही रेल्वेतले निघाले. पुढचा तास दोघं एक शब्दही एकमेकांची भाषा न येता बोलत होते, हातांनी सिग्नल दाखवत. मी आईकडे बघितलं, आई झोपली होती.

ओस्पिझिओ बर्निनाला, म्हणजे ह्या लाईनीवरच्या सगळ्यात उंच स्टेशनला, मे मध्ये पण खाली बर्फ. उतरलो. हीच पासची मजा, उतरायचं मन झालं, उतरलो, पुढची गाडी तासाने. पुढे लांडवासरचा पूल लागतो, ६५ मीटर उंच, आणि गाडी कड्यातल्या बोगद्यातून निघते ती सरळ पुलावरच. सेकंदात होतं सगळं, कॅमेरा तयार ठेवा. तिथून खूर (Chur) स्टेशन, मग झ्युरिकवरून इंटरलाकेन, एकूण पूर्ण दिवस गेला. एकाच तारखेत गेला म्हणून पासचा एकच दिवस.

स्वित्झर्लंडबद्दल एक जपून. इंटरलाकेनच्या वर डोंगरात जाणाऱ्या खाजगी गाड्यांना पास पूर्ण चालत नाही. युंगफ्राउयोखला, ३४५४ मीटर, युरोपातलं सगळ्यात उंच स्टेशन, १९१२ चं, तिथे पासवर फक्त सवलत मिळते आणि सवलत जाऊनही तिकीट ऐकून आई म्हणाली खालूनच दिसतंय की. आम्ही गेलो नाही. खाली बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे, तिथे तिने तीन फोटो काढले आणि ती खुश. स्वित्झर्लंडमध्येच जास्त राहणार असाल, आठवडाभर तेवढंच फिरणार, तर युरेलऐवजी त्यांचा स्वतःचा स्विस ट्रॅव्हल पास बघा, त्यात बस-बोटी-म्युझियम पण येतात.

बाकी पटापट. हमाल नाहीत, गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, कधी डब्याला पायऱ्या असतात, तर बॅग तीच न्या जी आई स्वतः उचलेल. आमची एक बॅग नुसती खाण्याची होती, कळण्याचं पीठ, चटणी, बिबड्या, केळीचे वेफर्स. दुधाचे पदार्थ, पेढे, तूप नेऊ नका, तिथे आणायला बंदी आहे. किचनवाली खोली घ्या, खिचडी होते. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, फक्त स्टेशनातली उघडी. स्टेशनचा संडास एक युरोच्या आसपास, नाना प्रत्येक वेळी रुपयात सांगायचे. आणि गाडीचे दोन तुकडे होतात हे बघा, अर्धी इकडे अर्धी तिकडे, एका ठिकाणी आम्ही चुकीच्या अर्ध्यात बसलो होतो, नानांनी डब्यावरची पाटी वाचली म्हणून वाचलो. फलाटावर ए-बी-सी-डी लिहिलेलं असतं, तुमचा डबा कुठे लागणार ते बोर्डवर दिसतं, तिथे उभे राहा.

आता पैशाचं. घरी आल्यावर नानांनी वहीत सगळी सुटी तिकिटं मांडली, दोन महिने आधी काढली असती तर किती पडली असती ते. पास थोडा महागच पडला. जास्त नाही, पण महाग. ज्यांचा प्लॅन पक्का आहे, ह्या तारखेला ह्याच गाडीने, आणि फ्रान्स-इटलीतच फिरायचंय, त्यांनी पास घेऊ नये, सुटी तिकिटं आधी काढावी, सरळ वाचतात. ज्यांच्या सोबत नानांसारखा माणूस आहे, ज्याला जुन्या लायनीनेच जायचंय आणि मधेच उतरायचंय, त्यांनी डोळे मिटून घ्यावा, जर्मनी-ऑस्ट्रिया-स्वित्झर्लंडसाठी. पाचापैकी चार. एक कापला तो सीटच्या वेगळ्या पैशांसाठी.

नानांना विचारलं किती देता, तर म्हणे पास चांगला आहे पण त्यावर नाव टायपिंगने आहे, सही-शिक्का नाही. तीन दिले. गल्लीतले दोन जण वही झेरॉक्सला मागून राहिलेत, ते देत नाहीत, म्हणतात आधी व्हिसा आणा मग वही.